दाराआडचा खोकला

४ नोव्हें.
सायंकाळी लातूरहून अंबाजोगाईला परत. सोबत धाकटा भाऊ यशवंत (य.) आणि त्याची पत्नी सुमन. निर्णय झाला: सुमनच्या हृदयाची झडप बदलावी लागणार, छातीचे मधले हाड उघडून. तारीख १९. सर्जन मितभाषी, म्हणून विश्वासार्ह वाटले. त्यांचे म्हणणे असे: झडप आम्ही बसवू, फुप्फुसे मात्र यांची यांनीच सांभाळायची. शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास आणि जोराचा खोकला जमला नाही तर कफ साचतो, न्यूमोनिया होतो, आणि मग झडप कितीही उत्तम बसलेली असो, उपयोग नाही. दुखत असताना नवे काही शिकता येत नाही, म्हणून आधीच शिकून यायचे.

शिकवणाऱ्या शेखबाई, फिजिओथेरपिस्ट. वयाने लहान, क्रम पक्का. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास. उशी छातीशी आवळून खोकणे. हातांचा रेटा न देता कुशीवरून उठणे. आणि एक सक्त मनाई, हाड जुळेपर्यंत हात डोक्यावर न्यायचा नाही. प्रत्येक वाक्याला सुमनने मान हलवली. पदर डोळ्यांपर्यंत, कारण खोलीत मी होतो. मान हलवणे हा समजल्याचा पुरावा मानू नये, एवढे वर्गाने मला शिकवले आहे.

"घरी रोज कोण करून घेणार?" शेखबाई.
य. ने माझ्याकडे बोट केले. "हे आमचे दादा. कालिजात शिकवायचे. लई पोरं सरळ केली यांनी."
माझा विषय तर्कशास्त्र होता, हे त्याने सांगितले नाही. मीही नाही.

दोघे आता माझ्याकडेच राहतील. घाटनांदूरच्या शेताकडे शेजारी बघेल.

५ नोव्हें.
पहिला पाठ. फलित शून्य.

पद्धत अशी: मी बाहेरच्या खोलीतून य. ला सांगतो, य. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन सुमनला सांगतो, तिचे उत्तर तो मला आणून देतो. मी थोरला दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी थेट बोललेली नाही. माझी पत्नी कुसुम होती तोवर हे निरोपांचे काम तीच करी, आणि माझे शब्द सौम्य करूनच पुढे नेई. य. निरोप नेत नाही, त्यावर भाष्य करतो.
"दादा म्हनतेत, नळी तोंडात धरून वडून घे. पन मला इचारशील तर आदी फुंकून बघ. चूल पेटंना की कशी फुंकतीस, तसं."
चेंडू हलले नाहीत. "मशीन खराब हाय," य. चा निष्कर्ष.
यंत्र ओढण्याचे, फुंकून चालावे ही अपेक्षाच निराधार. तोटी धुऊन मी स्वतः ओढून दाखवले. दोन चेंडू वर गेले. तिसरा जागचा हलला नाही. आतून दबका आवाज आला. हसू असावे.

७ नोव्हें.
चेंडूंची प्रगती समाधानकारक. एक सहज उठतो, दुसरा कधीमधी. धाप लागते, थांबून पुन्हा करते.
खोकला मात्र नाही. उशी धरते, पदर तोंडाशी नेते, आणि घशातून एक लहानसा आवाज काढते. दारात पाहुणे आले आहेत हे घरात कळवायला पुरेसा. कफ त्याने हलणार नाही.
"जोरात, म्हणून सांग."
य. ने सांगितलेच नाही. खाटेवर बसून माझ्याकडे बघत राहिला. "दादा, तुमी घरात असलं की तिला शिंक बी येत न्हाई. आन् तुमी खोकला मागताव."

बरोबर आहे. ही माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही, कधी मोठ्याने बोलली नाही. बायकांनी पुरुषांसमोर डोके झाकण्याच्या प्रथेविरुद्ध मी याच गावात भाषण केले होते. मुद्देसूद झाले होते. नंतर घरी चहा झाला. कप दाराआडून आले. विसंगती नोंदवून ठेवतो.
सध्या प्रश्न एवढाच की दहा-बारा दिवसांत हिला खोकायला कसे शिकवावे.

८ नोव्हें.
उपाय सापडला. मधले दार लावून घेतले. ती आत, मी बाहेर, य. माझ्यासमोर.
आधी य. च्या निमित्ताने मी जमिनीवर आडवा झालो. गुडघे वाकवले, कुशीवर वळलो, पाय खाली सोडल्यासारखे केले आणि हात न टेकता उठलो. दुसऱ्या खेपेस उठलो, असे लिहिणे अधिक अचूक. दाराला फट आहे. फटीतून पाहिले जात आहे हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्यासारखे मी वागलो.
मग आत खोकायला सांगितले. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे म्हणावे, हे उदाहरण मी किती पिढ्यांना दिले असेल. आज आवाजावरून छाती ओळखायची होती. पहिला आवाज घशातला. दुसराही.
"पोटातून."
मग असा खोकला आला की मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या.
य. उठून उभा राहिला. "आगं, दादाच्या घरात हायेस!"
त्याला खाली बसवले. "आणखी एकदा," मी म्हणालो. आणखी एकदा आला. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून कोण आजारी आहे म्हणून विचारले. मी म्हणालो, कोणी नाही, सराव चालू आहे.
बरे वाटले.

१२ नोव्हें.
आज पूर्वपक्ष दाराआडून मांडला गेला. मी सांगत होतो: उशी दोन्ही हातांनी आवळा, एक हात पोटावर ठेवा, पोट फुगताना हाताला जाणवू द्या.
आतून य. ला हाक. "आवो, दादाला म्हनावं, उशीला दोन हात, पोटावर एक. तिसरा हात मी कुठून आनू? तुमचा देताव का?"
य. इतका हसला की त्यालाच खोकला आला, तोही पोटातून.
तपासून पाहिले. पोटावर हात हा श्वासाच्या व्यायामात, उशी खोकल्याच्या. दोन्ही मी एकाच वाक्यात कोंबली होती, आणि चार दिवस कोणीच हरकत घेतली नव्हती. आक्षेप मान्य केला, य. मार्फत कळवले. उत्तर आले, "बरं म्हनावं."
इतका नेमका आक्षेप विद्यार्थ्यांकडून फार थोड्या वेळा आला. आनंद झाला. तो कळवला नाही.

१६ नोव्हें.
तिसरा चेंडू उठला. य. पळत सांगायला आला, यंत्र हातात, थुंकी गळते आहे. "बगा! तुमच्याच्यानं झालं न्हाई!"
खरे आहे. नंतर दार लावून मी पुन्हा प्रयत्न केला. नाही.
कुशीवरून उठणे उत्तम. कफ साठू न देणारा खोकला, माझ्या श्रवणाप्रमाणे, उत्तम. शिकवण्यासारखे उरले नाही. तरी एक शंका: हे सर्व दाराआडचे आहे. तेथे दार नसेल.

१९ नोव्हें.
लातूर. सकाळी आत नेले. य. बाकावर, मी उभा. वाट पाहण्याला युक्तिवाद लागत नाही, त्यामुळे मला ते येत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले. ध्यानात जसा येईल तसा पाहायचा, बदलायचा नाही. आज तो आखूड होता. तसाच राहू दिला.
य. एकदाच बोलला. "ती मला म्हनली, दादाला सांगा मी सगळं ध्यानात ठेवलंय."
दुपारी सर्जन बाहेर आले. झडप व्यवस्थित बसली. य. ने सकाळपासून पाणी घेतले नव्हते. त्यानंतर स्वतःची भजी खाल्ली आणि माझीही.

२१ नोव्हें.
कठीण दिवस, शेवट चांगला. क्रमाने लिहितो.

श्वासाची नळी काल निघाली. शुद्ध चांगली. पण खोकत नाही. सकाळी अंगात कसर, छातीत घरघर. डॉक्टर येतात, सगळे पुरुष, ती मान हलवते, ते जातात. शेखबाईंनी मला आत बोलावले. "सर, तुम्हीच सांगून बघा. तुम्ही शिकवलंय."

आत गेलो. मला पाहताच तिचा उजवा हात उठला, डोक्याकडे गेला, आणि चेहरा वेदनेने वाकडा झाला. पदर नव्हताच, दवाखान्याचा झगा होता. हाताने तरीही पदर शोधला.
"मावशी! हात वर नाही म्हटलं ना!" शेखबाईंनी हात धरून खाली आणला. मी आणखी एक पाऊल पुढे टाकले. हात पुन्हा निघाला.
"सकाळपासून कधी असं केलं नाही यांनी," शेखबाई म्हणाल्या. "आत्ताच का करताहेत?"
कारण खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मी आहे तेथे हात वर जातो. मी नाही तेथे जात नाही. धूर-अग्नीसारखी इतकी स्वच्छ व्याप्ती मला पुस्तकाबाहेर क्वचित भेटली.
"पडदा ओढा," मी म्हणालो, आणि त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.
"सर?"
"ओढा. डॉक्टरांनाही क्षणभर बाहेर राहू द्या. हातात उशी द्या."
पडद्याची कडी सरकली. हिरवे कापड, पलीकडे यंत्रांची टिकटिक. य. दाराच्या काचेला नाक लावून.
"सुमन," मी म्हणालो. तिला नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. "उशी धर. दोन्ही हातांनी. तिसऱ्याची गरज नाही."
मग श्वास आत ओढल्याचा आवाज, लांब, तिसऱ्या चेंडूचा. आणि खोकला. ताटल्या वाजवणारा नव्हता, पण पोटातला होता. कण्हली. पुन्हा खोकली. काहीतरी सुटल्याचा ओला आवाज.
"आला! कफ आला!" शेखबाई. मग हसून, "सर, तुम्ही तिथंच थांबा. आत येऊ नका हां."
थांबलो.

२२ नोव्हें.
पडद्याआडून दोनदा. ताप उतरला. तिसऱ्या वेळी मी पोचण्याआधीच खोकून झाले होते.

२८ नोव्हें.
अंबाजोगाई. डॉक्टर समाधानी. पुढील तपासण्या आहेत, गोळ्या आहेत, रक्त पातळ ठेवायचे आहे. जमिनीवर बसायची मनाई, म्हणून माझी वेताची खुर्ची स्वयंपाकघरात नेली. य. ने बिछाने घातले, वरण लावले. खारट झाले.

६ डिसें.
दरवर्षी आज विहारात जातो. सुमनला गर्दीत नेता येत नाही, म्हणून घरीच मेणबत्ती लावली. बाबासाहेबांच्या व बुद्धांच्या प्रतिमेसमोर मी आणि य. चटईवर, सुमन खुर्चीवर. गुडघे-हात टेकून वंदन तिला करता येत नाही. तिने नुसते हात जोडले. हात डोक्यावर न्यायचा नाही, तेव्हा पदर खांद्यावरच होता. मी खाली, ती वर, चेहरा उघडा.

वंदना म्हणताना मध्येच माझा दम पुरला नाही. ओळ अर्धी सुटली.
"दादा," ती म्हणाली. थेट, माझ्याकडे पाहून. "वरल्यावर श्वास घेताव तुमी. पोटातून घ्या."
य. चे तोंड उघडेच राहिले. मी पोटावर हात ठेवला. श्वास घेतला. ओळ पूर्ण झाली.

नंतर य. ला राहवले नाही. "शेखबाई म्हनत्यात, हाड जुळलं की तपासून हात वर न्यायला सांगू. मंग? मंग पदर घेनार का डोक्यावर?"
सुमन मेथी निवडत होती. "तवाचं तवा बघू," म्हणाली. निवडलेली जुडी बाजूला ठेवली आणि उशीकडे हात नेला. खोकल्याची वेळ झाली होती.
दार लावायला मी उठलो. "असू द्या," ती म्हणाली.

दार उघडे असताना खोकल्याचा आवाज वेगळा येतो. त्यावरून पुढचे काय ओळखायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.