गौर आणताना बोलू नये

प्रिय वन्सं,

हे पत्र लिहायला मी श्रावणातच बसले होते, तुमच्याशी भांडायला. दोन ओळींपुढे गेलं नाही. आज पुन्हा बसलेय ते एक बातमी द्यायला. घरात सगळ्यांना ती माहीत आहे, अख्ख्या आळीलाही माहीत आहे. राहिलात त्या तुम्हीच.

पण आधी भांडण.

मरायला तुम्हाला दुसरा दिवस मिळाला नाही का हो? गौर पाटावर बसलेली, तिला तिखटाचं जेवण घालायचं, कोळंबी अर्धी सोलून झालेली, आणि मागच्या ओट्यावर बसल्या बसल्या तुम्ही गेलात! मी चुलीपाशी. म्हटलं, वन्सं, कालवणाचं मीठ बघा जरा. उत्तर नाही. जन्मभर माझ्या हाताला मीठ कमी म्हणणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुमच्या भावाने गौर तशीच उपाशी उचलली आणि वाडीतल्या विहिरीत सोडून आला. तेराव्याला दामूकाका बोलले. घराण्यात आता तेच वडील राहिलेत, त्यांचा शब्द कोण मोडणार? म्हणाले, "सनाच्या दिवशी घरातला मानूस गेला. आता गौर बंद. त्याच दिवशी घरात पोर जन्मलं नायतर गाय व्याली, तरच सन उठंल."

रीत तुम्हालाही ठाऊक होती. मग जाताना थोडा विचार करायचा! गाय आणू कुठून? गोठ्यात आता स्कूटर असते. आणि पोर म्हणावं तर आमची एकुलती मनू, ती लग्न होऊन बोईसरला.

म्हणून तीन भाद्रपद कोरडे गेले. चिंचणीत घरोघरी गौर बसायची आणि आपल्याकडे वरणभात. विहिरीकडेला गौरीचा तेरडा मात्र दर वर्षी माजायचा. कोणी काढायचं नाही. बोंडं तडकायची, बी पडायचं, पुढच्या वर्षी आणखी तेरडा. तुमचा भाऊ त्या दिवशी मुद्दाम तिकडे फिरकायचा नाही. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढायचं काम त्याला नेमकं गौरीच्या दिवशीच आठवायचं, तेही वाडीच्या दुसऱ्या टोकाला.

यंदा मनूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच यायची. दिवस भरत होते भाद्रपदात, गौरीच्या आगेमागे. मला आनंद झाला तो लेकीचा, पण बाकी सगळ्यांना दोन-दोन आनंद झाले. दामूकाका काठी टेकत आले. "सुमन, दवाखान्यात हल्ली दिवस मागून मिळतो ना? पोट कापून काढायचंच, तर गौरीच्या दिवशी काढा. पोर बी आलं, सन बी उठला."

ऐकून मी हसले. मग बघितलं, तर हसणारी मी एकटीच. जावई खाली बघून म्हणाला, "डॉक्टरांना विचारून बघायला काय हरकत आहे, आई?" तुमचा भाऊ काहीच बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे होकार, हे तुम्हाला सांगायला नको. आणि मनू! म्हणाली, "करते मी. आत्तेसाठी करते." तुम्ही तिला न्हाऊमाखू घातलंत, शाळेत सोडलंत, तिची पहिली चपाती करपली तर ती स्वतः खाल्लीत. तुमच्या नावाने तिच्याकडून काहीही करून घेता येतं.

तेव्हा मला तुमचा राग आला. असा राग की पत्रच लिहायला बसले.

पण लिहिता लिहिता मनूच्या वेळचं आठवलं. मला कळा सुरू झाल्या त्या ऐन अमावास्येला. सासूबाई म्हणत होत्या, जरा दम धर, उजाडलं की अमावास्या सुटतेय. तुम्ही पदर खोचून मध्ये पडलात. "पोट म्हंजे काय एसटी हाय, टायमावर सोडायला? रिक्षा बोलवा आधी!" सासूबाई त्यानंतर महिनाभर तुमच्याशी धड बोलल्या नाहीत. तुम्ही पर्वा केली नाहीत.

मग मी ते पत्र टाकलं आणि ओट्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. लेकरू त्याच्या वेळेला येईल. सगळं सरळ असताना सणासाठी माझ्या लेकीच्या पोटाला सुरी लावू देणार नाही. गौर यायची तर येईल, नाहीतर नाही. दामूकाका उठून गेले. मनू रडली, पण मला वाटतं तिला सुटल्यासारखं झालं असावं. आणि तुमचा भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. पाणी हवं असलं तरी मनूला सांगायचा. मला वाईट वाटलं, वन्सं. त्याला सण नको होता, त्याला तुम्ही गेल्याचा तो दिवस पुसून हवा होता. हे कळत होतं, तरी मी हटले नाही.

मनूच्या पोरीने कोणालाच विचारलं नाही. पिठोरीच्याही आधी, भर दुपारी आली. बोईसरच्या दवाखान्यात, सरळ, रडत, दोन्ही मुठी आवळून. मुलगी आहे. नाक तुमचं आहे, त्याला आता इलाज नाही.

म्हणजे सण गेलाच होता. मनूच्या पोटची आशा संपली आणि आमच्या गोठ्यात गाय काही येणार नव्हती. ते कोणी बोलून दाखवलं नाही. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि गौरीचा दिवस उजाडला.

मी अंगणात लंगोट वाळत घालत होते. तुमचा भाऊ बाळाच्या पाळण्याजवळ उभा होता, बराच वेळ. मग बाहेर आला, पायात चपला सरकवल्या आणि वाडीत गेला. मला वाटलं, निघाला केळीकडे. थोड्या वेळाने बघते तर विहिरीकडून येतोय, दोन्ही हातांत तेरडा! कुठे फांद्या मोडलेल्या, कुठे नुसता शेंडा. आपल्या घरात पुरुषाने कधी गौर आणलीय?

कुंपणापलीकडे विमल उभी होती. तुमची विमल हो, तिन्हीसांजेला तुमच्याजवळ येऊन बसायची ती. तिचा नवरा मागच्या उन्हाळ्यात गेला. तिने विचारलं, "काय रं रघू, इतका तेरडा कुठं चालवलास?"

आणि हा बोलला! म्हणाला, "गौर आणतोय."

विमलने कपाळावर हात मारला. "अरं, गौर आनताना बोलतात काय? आनि मुळं कुठं हायत तिची? जा परत. मुळासकट काड, पानी घाल, आनि उंबऱ्यापतुर तोंड बंद ठेव."

मुकाट्याने परत गेला, वन्सं! एरवी ज्याच्या तोंडून शब्द काढायला सांडशी लागते, तो नेमका गौर हातात असताना बोलला. मी हसू दाबत घरात पळाले. मनूने घाईने कुंकवाची पावलं काढली. पाट मांडला, तुमच्या पेटीतली हिरवी साडी काढली.

आणि मग एकदम लक्षात आलं की मी आत आहे. इतकी वर्षं मी गौर घेऊन बाहेर असायचे, आणि आतून तिला विचारणारा, बोलावणारा आवाज तुमचा. ऐन विशीत कुंकू पुसून तुम्ही माहेरी परत आलात. गौरीला हात लावायचा नाही, समोर यायचं नाही, ही तुमच्यासाठी रीत. साडी तुम्ही नेसवायला शिकवायची, कोळंबी तुम्ही सोलायची, आणि गौर आली की दाराआड जायचं. एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटत? म्हणालात, "माजा आवाज तरी पुढं जातो ना."

तुमचा भाऊ उंबऱ्याशी आला. चिखलाचे पाय, मुळांतून पाणी ठिबकतंय. म्हणाला, "गौर आली."

मी विचारलं, "काय घेऊन आली?" पुढची ओळही आतून म्हणायची, तुमची. तो वाट बघत उभा. त्याचे डोळे भरले होते, माझेही. शेवटी म्हटलं, तुम्ही म्हणायचात तसंच, "ये बाय, तुजंच घर हाय."

काल गौर जेवली. दामूकाका आले, ओट्यावर बसून म्हणाले, "मी काय बघितलं नाय," आणि वडे मागून मागून खाल्ले. कालवणात मीठ बरोबर होतं, कोणालाही विचारा. तुमचा भाऊ माझ्याशी बोलतो आता. तुमच्या दिवशी तुमच्या नावाचं पानही वाढलं, गौरीच्या शेजारी. तुमचा दिवस पुसला नाही आम्ही. गौर आज गेली.

विमल मात्र तिन्ही दिवस कुंपणापाशीच. ये म्हटलं तर म्हणाली, "नको गं, आमाला चालत नाय." रीत सगळी तिला पाठ, रघूला परत पाठवणारी ती, आणि आत यायला तिलाच चालत नाही!

म्हणून तुम्हाला शब्द देते. पुढच्या वर्षी विहिरीपासून गौर विमल आणेल, तिच्या दोन्ही हातांत, मुळासकट. दामूकाका उठून गेले तर जाऊ देत, वड्यांना परत येतील. मी दाराआड उभी राहणार नाही, उंबऱ्यात उभी राहीन. आणि "ये बाय, तुजंच घर हाय" म्हणेन, ते गौरीकडे बघून आणि विमलकडेही बघून.

तुमची भावजय,
सुमन