सतरा नंबरचा बिल्ला

८ जानेवारी १९६८, सोमवार

आज चार्ज घेतला. जळगाव जामोदच्या कचेरीत अकरा वर्षं खर्डेघाशी केल्यावर सरकारला शेवटी माझी किंमत कळली म्हणायची. संग्रहालयाचा लिपिक नीळकंठ. असा हुद्दा या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसावा.

संग्रहालय म्हणजे एक भुयार. मागच्या महायुद्धात मुंबईवर बॉम्ब पडले तर कचेरी हलवता यावी म्हणून लष्कराने बुलढाण्याजवळच्या या टेकडीच्या पोटात मुख्यालय खणलं. लढाई संपली आणि कुलूप लागलं. आता पाकिस्तानची लढाई होऊन गेल्यावर साहेबांना आठवण झाली की आपल्याकडे असं काही आहे, ते लोकांना दाखवावं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे.

टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या मिळाल्या. वारा फुकट आणि पाणी लांबून. शरयू म्हणाली, इथं बोलाले माणूस नाही, मी काय भिंतीशी बोलू? म्हटलं, शेजारी कलाबाई आहेत, त्या भिंतीला बोलू देणार नाहीत. हसली. लग्नानंतर पाच वर्षांनी घर तिच्या मनासारखं लागलं, माझ्या आईशिवाय. मलाही बरं वाटतंय, लपवण्यात अर्थ नाही.

१० जानेवारी

आज खाली उतरलो. एकेचाळीस पायऱ्या, मग नकाशांची खोली, मग टेलिफोनची खोली. संपलं. दुसरं दार नाही, खिडकी नाही. टेबलावर नकाशा, टाचण्या, चहाचा कप, सगळं तसंच. भिंतीतून एक लोखंडी नळी वर दारापर्यंत जाते. दारावरचा शिपाई त्या नळीतून खालच्यांशी बोलायचा.

दाराशी दोन फळ्या. एकीवर 'बाहेर' लिहिलंय, दुसरीवर 'आत'. प्रत्येक माणसाचा पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला 'आत'वर टांगायचा, निघताना 'बाहेर'वर. 'आत'ची फळी रिकामी झाल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही. पद्धत मला फार आवडली. ज्याने काढली त्याचं टेबल नीटनेटकं असणार.

फक्त सतरा नंबर 'आत'वर टांगलेला. इथले पहारेकरी शेषराव महायुद्धापासून याच दारावर आहेत. ते म्हणाले, तो उकंडाचा हाय साहेब, दुसरबीडच्या पोराचा. तारा जोडाले उतरला, वर आला नाही. समद्यांनी पाहिलं, सापडला नाही. तवापासून मी बिल्ला हालू दिला नाही, तुमीबी हालवू नका. कारण विचारलं तर म्हणाले, तो आत हाय हे कोणाले तरी ठाऊक पाह्यजे ना.

म्हातारपण. मी मान हलवली.

१५ जानेवारी

कालची संक्रांत. शरयू तिळगुळाचा डबा घेऊन भुयारात आली. शेषराव तिला बिल्ला घ्या म्हणून मागे लागले. मी म्हटलं, शेषराव, घरच्या माणसाला कसला बिल्ला? ती पदर खोचून उतरली, नकाशावर बोट ठेवून आमचं जळगाव शोधलं आणि सापडलं नाही म्हणून लष्कराला नावं ठेवली.

आता रोज अकराला डबा आणते. नळीतून हाक मारते, अहो, जेवाले चला. एकेचाळीस पायऱ्या चढताना भूक लागते हे खरं.

२५ जानेवारी

शेषराव तापाने घरी. सगळं मलाच बघावं लागलं. चिंच लावून छत्तीस बिल्ले घासले. पस्तीस 'बाहेर'च्या फळीवर ओळीने टांगले आणि सतरा एकटाच पलीकडे. उद्या साहेब येणार आणि पहिली नजर त्यावरच पडणार. माझ्या टेबलावर पेन्सिल तिरकी राहत नाही, ही फळी कशी राहील? काढला आणि सोळा-अठराच्या मध्ये टांगला. खिळ्याखाली जुन्या कागदाचा चिकटलेला तुकडा होता, तोही खरवडला.

शेषरावांना नंतर समजावीन.

२६ जानेवारी

उद्घाटन झकास झालं. साहेबांनी बिल्ल्यांची पद्धत दोनदा विचारली. पाहुणे तीस उतरले, मी स्वतः तीस बिल्ले दिले. वर आलेले मोजले तर एकतीस. पुन्हा आठवून मोजलं, एकतीसच. खाकी अर्ध्या चड्डीतला एक जण उन्हात डोळे चोळत उभा होता. त्याने मला दुसरबीडची गाडी विचारली. पाय अनवाणी.

मोजण्यात चूक झाली असेल. माझी होत नाही, पण झाली असेल.

२७ जानेवारी, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी साडेदहाला साहेबांचा निरोप आला, कागद घेऊन बुलढाण्याला या. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत कागद बांधत होतो. अकराला दाराशी आलो, 'आत'ची फळी पाहिली, रिकामी. कुलूप लावलं आणि एस.टी. गाठली.

पाचला परत आलो तर घर बंद. कलाबाई म्हणाल्या, ते तं अकराले डबा घेऊन गेली, आली कुठं?

तिला बिल्ला नव्हता. मीच म्हटलं होतं, घरच्या माणसाला कसला बिल्ला.

धावत कुलूप काढलं. नकाशाच्या टेबलावर डबा होता. भाकरी हाताला गरम लागली. सहा तासांनी गरम. दोन खोल्या, टेबलाखाली, फडताळामागे, सगळीकडे पाहिलं. शरयू नाही.

२९ जानेवारी

पोलीस येऊन गेले. भिंती ठोकल्या. जमादार मला बाजूला घेऊन विचारू लागला, नवराबायकोत काही होतं का, माहेरी गेली असेल, आणखी कुणाबरोबर. मी त्याच्या अंगावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

ते गेल्यावर दाराशी बसलो होतो. ऊन चढलं होतं. अकरा वाजले असतील. नळीतून हाक आली, अहो, जेवाले चला.

मी नळीला तोंड लावून ओरडलो. ती म्हणाली, काऊन उशीर लावला, मी आत्ताच आली, डबा उघडून बसून राह्यली. तिच्या लेखी अजून शनिवारच आहे. म्हटलं, पायऱ्या चढून वर ये. जरा वेळाने म्हणाली, दार कोणत्या बाजूले आहे हो? इथं तं चारी भिंतीच हायेत.

मी धावत खाली गेलो. खोली रिकामी. वर आलो की आवाज.

३१ जानेवारी

शेषराव काठी टेकत आले. फळी पाहिली आणि मटकन खाली बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, चोवीस वर्सं सांभाळला, साहेब.

एक जण आत लागतो, ते म्हणाले. उकंडाची जागा तुम्ही रिकामी केली.

मग मी ठरवलं, उकंडाला परत आणायचा. गरज पडली तर बांधून.

१ फेब्रुवारी

दोन गाड्या बदलून दुसरबीड. घर विचारावं लागलं नाही, सगळा गाव तिथेच जमला होता.

उकंडा ओसरीवर जेवत होता. विशीतला पोर, मिसरूड तेवढंच. शेजारी त्याची माय, तानुबाई. ऐंशीची, दोन्ही डोळे गेलेले. एका हाताने घास भरवायची, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवलेलं. मला म्हणाली, बाबू, तुमीच माह्या लेकाले सोडवलं म्हनतेत, तुमचं भलं होवो. चोईस वर्सं त्याचं ताट वाढलं, लोकं मले येडी म्हनत.

खिशात दोरी होती. ती तशीच राहिली.

उकंडा मला वाटेपर्यंत सोडायला आला. म्हणाला, मले तं एक दुपारच वाटली, साहेब. दार दिसत नाही, बाकी तरास नाही. मग एकाएकी दार दिसलं. कोणी सतराचा बिल्ला 'आत'वर टांगून उतरलं, तं बाई सुटन. पन तो बिल्ला हालला, तं आतला सुटते, अन् मंग जो बिनबिल्ल्याचा आत सापडन तो राह्यला.

त्याच्या डोळ्यांकडे पाहवेना. त्याला कळलं होतं मी कशाला आलो ते.

२ फेब्रुवारी

निलंबनाचा हुकूम आला. उद्या भालचंद्र म्हणून नवीन लिपिक चार्ज घेणार. साहेब सांगतात, हुशार माणूस, फार टापटीप.

टापटीप.

सकाळी नळीतून शरयू म्हणाली, भाकर गार व्हाले लागली. आवाज बारीक झालाय. रडत नाही, माझी काळजी करते.

३ फेब्रुवारी

सकाळचे नऊ. भालचंद्र दहाच्या गाडीने येईल, त्याआधी उतरतो. शेषरावांना सांगितलंय, ती वर आली की तिला दुपारच्या एस.टी.त बसवून माहेरी धाडा. मी कुठे आहे सांगू नका. बदली झाली म्हणा. बिल्ल्याखाली कागद चिकटवला — 'हा बिल्ला काढू नये'. मोठ्या अक्षरात.

भीती वाटते. फार वाटते. पण तिचा आवाज त्या नळीतून पुन्हा ऐकवणार नाही. सतरा टांगला. उतरतो.

तारीख —

दिवा आहे. रोजनिशी आणली ते बरं.

ती दिसली. टेबलाशी बसली होती. मी हात धरायच्या आधीच उठली, माझ्या अंगावरून गेली, मी दिसलो नाही — पायऱ्या चढली, एकेचाळीस मोजल्या मी — मग चारी बाजूंनी भिंत.

सुटली. माझी शरयू सुटली.

नंतर

नळीतून वरचं ऐकू येतं. ती शेषरावांना माझं विचारते. शेषराव बदली म्हणाले. ती म्हणाली, न जेवता जाईन काय तो माणूस? डब्याशिवाय?

शेषराव रडतायत. रडू नका. सांगू नका तिला —

नंतर

नवा आवाज. भालचंद्र. विचारतोय, हा एकच बिल्ला पलीकडे का, आणि हा घाणेरडा कागद कसला? शेषराव कुठे गेले — शरयूमागे धावले असतील — कुणी सांगा त्याला —

ओरडलो. नळीजवळ नाही तो.

नखाने कागद खरवडल्याचा आवाज.

पायऱ्यांवर बांगड्या. तिची पावलं. अहो, जेवाले चला, म्हणते. खाली येते आहे. बिल्ला घेतला नसेल तिने, मीच सांगितलं होतं, घरच्या माणसाला —

वर फळीवर पितळ वाजलं.

दार दिसलं मला. उघडं. ऊन. आणि दारातून ती आत — शरयू, मागे फिर, आधी वर जा, बिल्ला —