आईचं लग्नाआधीचं नाव

रविवार संध्याकाळ, क्लेमेंटी, सिंगापूर

नवरा ब्रायन आणि लेक तारा दुपारभर वंशावळ जुळवत लॅपटॉपला चिकटून होते. त्याच्या आयर्लंडमधल्या गावच्या चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही आता ऑनलाइन वाचता येते. तीत त्याची खापरपणजी सापडली. बाई मोलकरीण, तरी तिच्या बाळाच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव आहे. पाद्री प्रत्येक आईचं लिहायचाच म्हणे.

मग लेक तिच्या सिंगापुरी सुरात म्हणाली, "आता आपली आजी, लाह."

आईला जाऊन दोन वर्षं झाली. 'सुमन' हे नाव तिला लग्नात मिळालं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. हे मी कौतुकाने सांगितलं. ताराने विचारलं, त्याआधीचं काय?

साताऱ्याला बाबांना फोन लावला. म्हणाले, "होतं काहीतरी. आता आठवत नाही गं." मामाही राहिला नाही.

याच घरात तीन महिने होती आई. रोज समोर बसून भाजी निवडायची. मी का नाही विचारलं? सुचलंच नाही?

ताराने वंशावळीच्या चौकटीत नुसतं 'आजी' लिहिलं आणि झोपली.

त्या मोलकरणीचं माहेरचं नाव मात्र मला पाठ झालंय.