भट्टीपुढचं भाषण

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहिलं नाही म्हणून ही रोज टोमणे मारते. म्हणते, तोंडाने बोलत नाही ते नाही, निदान हाताने तरी बोला. तुझ्या डोळ्यांचं कसं आहे? औषधाचे थेंब घालतेस ना, की बाटली नुसतीच खिडकीत उभी आहे?

इथे एक अडचण झाली आहे. आमच्या काचेच्या भट्टीच्या छताला फट पडली आहे. मी रोज दुपारी निळ्या काचेतून आत बघतो, ते माझं कामच आहे. आत वितळलेली काच वारा पडलेल्या तळ्यासारखी असते, आणि बघता बघता आपण काठावर उभे आहोत की पाण्यात, तेच कळेनासं होतं. जानेवारीत त्या तळ्यावरच्या छतात दाभणाएवढी रेघ दिसली. आता तिच्यात पेन्सिल जाईल. खाली आम्ही बाराजण उभे असतो.

भट्टी विझवून छत नव्याने बांधायचं तर चार महिने काम बंद. कारखाना आम्हा कारागिरांच्याच भागीदारीचा, म्हणून निर्णय सभेत हात वर करून होतो. परवा सभा झाली. मॅनेजरसाहेब बोलले. ताई, काय बोलतो गं तो माणूस! म्हणाले, ही आग बावीस वर्षं जागी आहे. आपण झोपलो तेव्हा ती जागी होती, आपण आजारी पडलो तेव्हा ती जागी होती, आपल्या घरी पाळणे हलले तेव्हाही ती जागी होती. आणि मग विचारलं, की जिने आपल्याला ऊब दिली तिच्या तोंडावर पाणी ओतणारा हात इथे कुणाचा आहे? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मी बोलायला उठलो, फट आहे एवढं म्हणालो आणि खाली बसलो. एकही हात वर झाला नाही. माझासुद्धा नाही.

तू तीस वर्षं कोर्टात वकिलांची भाषणं उतरवून घेतलीस. माणसं बोलण्याने हलतात कशी, ते मला सांग. पुढची सभा सोळा तारखेला आहे.

तुझी आठवण रोज निघते. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
घुम्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुला बोलतं करायला मी तुझी टोपी पळवत असे, तरी तू हूं की चूं करत नव्हतास. आता पन्नाशीत भाषण शिकायला निघालास! हसले खूप. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

तुझ्या साहेबांचं भाषण मी लघुलिपीत उतरवून पाहिलं. डोळे अधू झाले तरी बोटांना अजून सगळं येतं. दुपारी पडले की रस्त्यावरची बोलणी मला आकड्या आणि वेलांट्या होऊन छतावर सरकताना दिसतात. असो. ‘जागी होती’ हे तीनदा आलं आहे. तिसऱ्यांदा ऐकताना माणूस मनातल्या मनात बोलणाऱ्याबरोबर म्हणू लागतो, आणि जे आपण म्हटलं ते आपल्याला आपलंच वाटतं. आगीला त्यांनी आई केलं. एकदा आई केली की तिच्या छताची फट मोजणारा मुलगा कृतघ्न ठरतो. शेवटी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर त्यांना नकोच होतं. उत्तर द्यायला हात वर करावा लागला असता, आणि तो तर पाणी ओतणारा हात! पाहिलंस ना, त्यांनी फटीबद्दल एक शब्दही उच्चारला नाही. यात लबाडी असेलच असं नाही. काही माणसं आपल्याच बोलण्याने आधी स्वतः भारावतात.

ऐकणारा तीन ठिकाणी धरला जातो. बोलणारा कोण, यावर तो विश्वास ठेवतो. मन हललं की ऐकतो. आणि गोष्ट बुद्धीला पटली की मान डोलावतो. चांगला वकील तिन्हीकडे हात घालतो. तुझी बाजू बुद्धीची आहे, पण नुसती फट सांगून भागायचं नाही. तिच्याखाली कोण उभं असतं, ते डोळ्यांपुढे आणून दे.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. एकदा एका गाडीवानाचा खटला होता. विरुद्ध बाजूचे वकील असे बोलले, की माझी पेन्सिल थांबली. तीस वर्षांत एकदाच. मी मान वर करून नुसती ऐकत राहिले, जशी लहान मुलं पतंगाकडे पाहतात. त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिपणं स्वच्छ करताना पाहिलं, तर त्या सगळ्या भाषणात पुरावा म्हणावा असं एक वाक्य नव्हतं. खरा गुन्हेगार पुढे सापडला, तोवर चार वर्षं गेली होती. म्हणून सांगते, हे हत्यार धारदार आहे. जपून वापर.

वहिनीला आशीर्वाद. थेंब घालते आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तुझं पत्र पाठ केलं होतं. आंघोळ करताना, सायकलवर, सगळीकडे बोलून पाहत होतो. ही म्हणाली, तुम्ही झोपेतही प्रश्न विचारता आणि उत्तराला थांबत नाही. सभेत उभा राहिलो आणि जीभ सुटली. ताई, माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, कुणा दुसऱ्याच्या स्वप्नात बोलल्यासारखा. मी बाराजणांची आठवण करून दिली. कुणाची मुलगी शाळेत आहे, कुणाची बायको वाट पाहते, सगळं तीनतीनदा. माणसं पुढे झुकली. मग मला ते आवडू लागलं. आणि मी म्हणालो, की फटीत माझं मनगट जाईल.

थोरले उस्ताद, ज्यांनी माझ्या हातात पहिली फुंकणी दिली, शांतपणे उठले. दोन सळया घेऊन वरच्या मचाणावर चढले. सगळे खाली माना वर करून उभे. जाड सळई शिरेना. बारीक शिरली. उस्ताद खाली आले आणि त्यांनी करंगळी वर करून दाखवली. लोक हसले. साहेब हसले नाहीत, तेच जास्त लागलं. भट्टी चालू ठेवायची ठरलं.

उस्ताद माझ्याशी बोलत नाहीत. तू तरी बोल.

घुम्या

ता. २२ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

बोलते, पण रागावून बोलते. बावीस वर्षांत तू कारखान्यात एकदा तरी खोटं बोलला होतास का? नाही. तू म्हणालास ताव उतरला, की कुणी न बघता लाकूड सारायला जायचं. ती तुझी मिळकत होती. साहेबांकडे आवाज आहे, तो तुझ्याकडे नाही. तुझ्याकडे होतं ते तू एका मनगटापायी उधळलंस.

चूक थोडी माझीही आहे. मन कसं हलवायचं ते मी सविस्तर लिहिलं, आणि विश्वासाला एक वाक्य दिलं. आयुष्यभर वकील ऐकले, त्यांची सवय लागली.

आता एकच उपाय दिसतो. ज्या जागी खोटं बोललास त्याच जागी उभा राहून ते मोड. त्यानंतर तुला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग. नाही ठाऊक ते नाही म्हण. लोक ऐकतील की नाही, हे मी सांगू शकत नाही.

तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, एवढं ध्यानात ठेव.

ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पुन्हा सभा मागितली. साहेबांनी लगेच बोलावली, हे त्यांचं मोठेपण. मी उभा राहिलो. म्हणालो, मागच्या वेळी मी खोटं बोललो, मला बोलण्याची नशा चढली होती. फट पेन्सिलीएवढी आहे. जानेवारीत दाभणाएवढी होती. छत कधी पडेल मला ठाऊक नाही, कदाचित वर्षभर पडणारही नाही. पण मी उद्यापासून तिच्याखाली उभा राहू शकत नाही, आणि तुम्हाला उभं राहिलेलं बघूही शकत नाही. मग बसलो. पाच मिनिटंही झाली नसतील.

भट्टीचा घुमणारा आवाज तेवढा येत होता. मग उस्तादांनी हात वर केला. त्यांच्यामागून एकेक, सावकाश. निम्म्यापेक्षा दोन हात जास्त भरले आणि ठराव झाला. साहेब खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे होते. नंतर त्यांनीच कागदावर पहिली सही केली.

संध्याकाळी उस्तादांनी मला चहाला बोलावलं. सभेचा विषय निघाला नाही. त्यांनी माझ्या चहात जास्त साखर घातली, बस.

तुझा,
घुम्या

ता. ३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भट्टी पूर्ण थंड व्हायला किती दिवस लागले! आधी काच काढून घेतली, मग आग रोज थोडी थोडी उतरवत नेली. आवाज बंद झाला त्या सकाळी मला वाटलं मी बहिरा झालो. रस्त्यातली माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसत होती.

काल आत गेलो. बावीस वर्षं मी जिथे फक्त बघितलं, तिथे पाय ठेवला. मी, उस्ताद आणि साहेब. बाहेरगावाहून आलेल्या गवंड्याने आधीच बजावलं होतं की छताखाली जायचं नाही, कडेच्या चौकटीतच थांबायचं, आणि मोठ्याने अजिबात बोलायचं नाही. त्याने लांब बांबूने छताची एक वीट नुसती हलवली. ती खाली आली, आणि तिच्याबरोबर शेजारच्या चार. राख फुलासारखी उठली आणि सावकाश बसली. मग दिसलं, की विटा आतून झिजून बिस्किटाएवढ्या पातळ झाल्या होत्या. फट ही त्यातली लहान गोष्ट होती.

भिंतींवरून हिरवी काच ओघळून थिजली होती. उजेड त्यातून गाळून येत होता. साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, वर पाहिलं आणि मिटलं. उस्तादांनी त्यांचा दंड धरला. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

बाहेर आलो तर सगळे जमले होते. आत कसं आहे, कसं आहे, म्हणून गलका. सगळ्यांचे डोळे साहेबांकडे. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी एखादी उपमा शोधली, ताई, खरंच शोधली, आणि एकही बसेना. म्हणून म्हणालो, दोघादोघांनी जाऊन बघून या, कडेला थांबा, आणि बोलू नका. ते गेले. डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन, दोनदोन करून, उरलेले दहाही जण.

डोळ्यांना जप. इकडे यायचं ठरव. आता छत बांधून होईपर्यंत तुझ्याशी बोलायला मला सवडच सवड आहे. लोभ मागायचा नसतो म्हणतात, पण मी मागतो.

तुझा,
घुम्या