पार्किंगचा निकाल आणि तुझं पत्र

एमरिस,

कोर्टातून आले आणि तशीच तुझ्या बाबांना सांगायला वृद्धाश्रमात चालले आहे. मटण-भाज्यांचं सूप, आपलं कावल, पातेल्यात आहे, गरम करून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

पार्किंग कंपनीने माझ्याविरुद्ध मिळवलेला दंडाचा निकाल आज रद्द झाला. त्यांच्या नोटिसा नीथच्या जुन्या घरी जात राहिल्या, मला एकही मिळाली नाही, हे न्यायाधीशबाईंना पटलं. आता खटला नव्याने चालेल आणि मी तो लढणार आहे.

पण त्यांच्या वकिलाने तिथे तू कंपनीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. "आईला हल्ली काही आठवत नाही, तेव्हा दया दाखवा." कुणाला विचारून लिहिलंस रे हे? भर कोर्टात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायाधीशबाईंनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "मिसेस प्रॉसर, त्या दिवशीचं काही आठवतंय का?"

म्हटलं, सगळं आठवतंय. सुपरमार्केटच्या वाहनतळावर, गाडीच्या दाराशीच तुझे बाबा कोसळले. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले होते. रुग्णवाहिका आली, मी त्यांच्यासोबत गेले आणि गाडी रात्रभर तिथेच राहिली.

ती गाडी हलवायला मी तुला हॉस्पिटलमधून पुन्हा पुन्हा फोन करत होते आणि तू उचलत नव्हतास, तेही मला आठवतंय. तेवढं मात्र मी कोर्टात सांगितलं नाही.

आई