आबांनी घातलेली माळ

आबा,

आपल्या शेफालीच्या लग्नात मी झोकांड्या खाल्ल्या, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "खराडीच्या कंपनीत जाऊन पोरगं प्यायला लागलंय." दुसऱ्या दिवशी आळंदीहून तुळशीची माळ आणून माझ्या गळ्यात घातलीत. त्या मांडवात न प्यालेले थोडके होते, त्यांत मी होतो.

माझे पाय वर्षभरापासून बधिर आहेत. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसले, मग पाठीतलं पाणी तपासलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं आवरण खाते. का, ते डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नाही. आजार औषधांनी आटोक्यात राहतो, बरा होत नाही.

हे सांगायलाच काल धायरीला आलो होतो. तुम्ही ओट्यावर शेजाऱ्यांना सांगत होतात, "माळ घातलीय, सुटंल त्याची. आशा हाय." मी तसाच परत फिरलो.

पत्र पाठवत नाही; तुमची आशा राहू दे. दारू सुटते, आबा.

तुमचा,
पृथ्वीराज