पाटीवरचा एक शब्द

तीर्थरूप लुडमिला आत्यास मिलोचा वाकून नमस्कार (वाकता येतं, गुडघा आता बरा आहे). तुझा खोकला कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना? शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्या हाताखाली आलेली नवी बाई अजून सगळं खारटच करते का?

पत्रास कारण की, माझी व्यावसायिक कारकीर्द उत्तम रीतीने पार पडली. कॉलेजच्या फुटबॉल संघात चार वर्षं आणि व्यावसायिक संघात एकोणीस दिवस. लोक दिवस मोजतात, मी दर्जा पाहतो. पुढच्या लाइनमधल्या माणसाने चेंडूला हात लावायचा नसतो, मागे उभं राहून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवायचं असतं. सराव सामन्यात माझ्या बाजूने एकच माणूस निसटला आणि त्याने क्वार्टरबॅकला पाडलं. (तो एकच माणूस सहा वेळा निसटला, हा भाग वेगळा.)

मुख्य हकीकत मंगळवारची. नाश्त्याला मी अकरावं अंडं सोलत होतो, तेवढ्यात ऑफिसातले टिबेट्स आले. "मिलो, कोचसाहेबांनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." टेबलावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारच्या ड्वेनने तर स्वतःची बेकनची बशी माझ्यापुढे सरकवली. मला वाटलं, पोरं आता मान द्यायला लागली. (वही मागितली म्हणजे घरी पाठवतात, हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.) त्या वहीच्या समासात मी चौदा सुधारणा लिहून ठेवल्या होत्या. साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी पहिलीपासून सुरुवात केली. ते दोनदा म्हणाले, "अरे बाळा, जरा ऐकशील का?" मी म्हटलं, "आधी सातवी तर ऐका!" त्यांनी चौदाही ऐकल्या. सातवी फळ्यावर काढायला लावली. मग वही मिटून स्वतःच्या खणात ठेवली आणि म्हणाले, "नजर पक्की आहे रे तुझी. पाय जड आहेत. मला पाय लागतात. तू कुठेतरी पोरांना शिकव." फार वाईट वाटलं, आत्या. पण बेकन मी संपवूनच निघालो.

एकंदरीत मी समाधानी आहे. भूक पूर्ववत.

तुझा मिलो

ता. क. रविवारी त्यांनी माझी सातवी सुधारणा वापरली. एका डावात चेंडू बावीस यार्ड पुढे! टीव्हीसमोर मी अशी उडी मारली की पलंग मोडला.

ता. क. २. पलंग मोटेलचा. मोटेल आपल्या गावापासून सहा मैलांवरचं. पाच दिवस इथेच आहे. रोज गाडी काढतो आणि 'व्यावसायिक फुटबॉलपटू मिलो क्राटोकविलचं गाव' ही तू रंगवलेली पाटी दिसली की मागे फिरतो.

ता. क. ३. शाळेच्या संघाला लाइनचा कोच हवाय म्हणे. मुख्याध्यापकांना तुझ्या हातचे जर्दाळू भरलेले गोड कोलाची पाव आवडतात, तेव्हा डबा भरून ने आणि माझ्यासाठी शब्द टाक.

ता. क. ४. शुक्रवारी सकाळी रंग आणि शिडी घेऊन पाटीपाशी ये. पहिला शब्द तेवढा पुसायचा आहे. माझे तीनशे दहा पौंड शिडीला पेलायचे नाहीत, म्हणून चढावं तुलाच लागेल. घाबरू नकोस, खाली मी धरून उभा आहे. माझ्या हातून आजवर एकच माणूस निसटलाय.